विक्रीपूर्वीची घराची तपासणी: तपासनीस काय पाहतो आणि घर कसे तयार ठेवावे

घर विकायला काढले की बहुतेक मालकांच्या मनात पहिला विचार येतो तो रंगाचा. भिंती नव्याने रंगवल्या, पडदे बदलले, सामान नीटनेटके लावले की घर दाखवण्याजोगे झाले असे आपण धरून चालतो, आणि घर बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र सौदा जवळ आल्यावर खरेदीदाराच्या वतीने जो तपासनीस येतो, त्याला घराच्या शोभेशी कर्तव्य नसते. पाणी कुठून येते आणि कुठे मुरते, वीजजोडणी सुरक्षित आहे का, भिंतींवरच्या भेगा कशामुळे पडल्या आणि येत्या काही वर्षांत कोणता मोठा खर्च उभा राहणार आहे, हे तो शोधत असतो. त्याच्या अहवालावर किंमत पुन्हा घासली जाते, कधी सौदा लांबतो, तर कधी मोडतोही. म्हणून या तपासणीत काय होते आणि तिच्यासाठी घर कसे तयार करावे, हे विकणाऱ्याने घर बाजारात आणण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे.

तपासणीचे स्वरूप

सौद्यापूर्वी घराची तांत्रिक तपासणी करून घेण्याची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात व्यवसाय म्हणून आकाराला आली. तिथे १९७६ मध्ये ‘अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स’ ही तपासनीसांची संघटना स्थापन झाली आणि तपासणीत काय पाहायचे, काय नाही, याचे लेखी निकष ठरत गेले. ब्रिटनमध्ये हेच काम सनदधारक सर्वेक्षक करतात. देशागणिक नियम व नावे बदलत असली तरी कामाचा गाभा सगळीकडे सारखाच आहे: घराशी ज्याचा आर्थिक संबंध नाही अशा जाणकाराने घराचे सर्व दिसणारे भाग पाहायचे, चालणाऱ्या गोष्टी चालवून बघायच्या आणि जे आढळले ते लिहून द्यायचे.

यातला ‘दिसणारे’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण तपासणीत तपासनीस भिंत फोडत नाही, फरशी उचलत नाही, जड कपाटे हलवत नाही आणि कुलूप लावलेले दार उघडायला लावत नाही. मध्यम आकाराच्या घरासाठी त्याला साधारणपणे दोन ते चार तास लागतात. या वेळात ज्या भागापर्यंत तो पोहोचू शकत नाही, तो भाग ‘पाहता आला नाही’ असे तो अहवालात नोंदवतो. मालकाला ही नोंद निरुपद्रवी वाटते; खरेदीदाराला ती तशी वाटत नाही. तो ज्या गोष्टीविषयी अंधारात असतो, तिथे तो सर्वांत मोठ्या खर्चाची कल्पना करतो आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा मागतो. सापडलेला दोष किमान मोजता येतो, त्याच्या दुरुस्तीचा अंदाज काढता येतो. न पाहिलेल्या भागाला मात्र मोजमाप नसते. घर तपासणीसाठी तयार करणे म्हणजे ते निर्दोष भासवणे नव्हे, तर त्याच्याविषयीची अनिश्चितता जितकी कमी करता येईल तितकी करणे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच दिशेने जाते.

आधी वाट मोकळी करावी

या तयारीचा सर्वांत स्वस्त भाग म्हणजे तपासनीसाला सगळीकडे जाता येईल अशी सोय करणे. विजेच्या मुख्य पेटीसमोर शिडी, खोकी किंवा सायकल ठेवलेली असेल तर ती हटवावी. पेटी पूर्ण उघडता यावी आणि तिच्यासमोर माणसाला निर्धास्त उभे राहता यावे. पोटमाळ्याचे दार, पाण्याच्या टाकीचे झाकण, मीटर, मुख्य झडप, गच्चीची किल्ली, तळघर, सिंकखालचे कपाट, गिझरभोवतीची जागा या सर्व ठिकाणी हात आणि नजर पोहोचली पाहिजे. बाहेरच्या भिंतींना टेकलेले फर्निचर हातभर पुढे ओढून ठेवले तर भिंतीचा खालचा भाग दिसतो, आणि ओल सर्वप्रथम तिथेच शोधली जाते. भिंतीलगतची झुडपे आणि वेलीही छाटून घ्याव्यात, कारण त्यांच्यामागे जोते दडलेले असते.

घर काही काळ बंद असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. वीज, पाणी आणि गॅस चालू नसतील तर तपासनीस नळ, दिवे, गिझर, पंखे काहीच चालवून पाहू शकत नाही आणि अर्धी तपासणी दुसऱ्या दिवसावर जाते. हे सर्व किमान आठवडाभर आधी सुरू करावे आणि प्रत्येक नळ काही मिनिटे वाहू द्यावा. सांडपाण्याच्या वळणदार नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, नेहमी थोडे पाणी साचलेले असते आणि तेच गटाराची दुर्गंधी घरात येण्यापासून अडवते. स्नानगृह महिनोन्महिने वापरले नाही तर ते पाणी उडून जाते आणि घरभर वास सुटतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतले की बहुतेक वेळा हा प्रश्न मिटतो. मात्र पाणी ओतूनही वास येत राहिला तर दोष नळजोडणीत आहे असे समजावे आणि जाणत्या प्लंबरला बोलवावे.

पाणी: निम्म्याहून अधिक लक्ष इथे द्यावे

घराचे जितके नुकसान पाणी करते तितके क्वचितच दुसरे काही करत असेल. अहवालातल्या अनेक वेगवेगळ्या वाटणाऱ्या नोंदी, म्हणजे निघालेले पोपडे, कुजलेली चौकट, गंजलेली सळई, उचललेली फरशी, बुरशीचा वास, मुळाशी गेल्यावर पाण्यापाशीच येऊन थांबतात. म्हणून वेळ आणि पैसा कमी असेल तर रंगावरचा खर्च कमी करून तो इथे वळवावा.

सुरुवात घराबाहेरून करावी. १०० चौरस मीटरच्या छपरावर केवळ १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी खाली येते. हे पाणी पायापासून दूर गेले पाहिजे. जमिनीचा उतार घरापासून बाहेरच्या दिशेला असावा. पहिल्या ३ मीटरमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर उतार हे त्यासाठी प्रचलित असलेले माप आहे. अनेक घरांभोवती बागेची माती वर्षानुवर्षे चढत जाते आणि उतार नकळत घराकडे वळतो. ती माती काढणे हे दोन दिवसांचे काम असते, पण त्याने तळाच्या ओलीचे मूळ कारणच जाते. पन्हळी आणि पाणी खाली आणणारे पाइप पाल्यापाचोळ्याने तुंबलेले नसावेत, आणि त्या पाइपांचे तोंड जोत्याशीच न संपता दूर नेलेले असावे. सपाट गच्ची असेल तर पाऊस थांबल्यानंतर ४८ तासांनीही जिथे पाणी साचून राहते त्या जागा खडूने आखून ठेवाव्यात, कारण गच्चीचा उतार तिथेच चुकलेला असतो.

घरात आल्यावर ओलीची जागा पाहून तिच्या कारणाचा अंदाज बऱ्याच प्रमाणात बांधता येतो. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढलेली आडवी ओल बहुधा जमिनीतून वर आलेली असते. खिडकीच्या कोपऱ्यांभोवतीची ओल चौकट आणि भिंत यांच्यातील सांधा उघडल्याचे सांगते. छतावरचा तपकिरी कडेचा डाग वरच्या स्नानगृहाकडे, पाइपाकडे किंवा छपराकडे बोट दाखवतो. कपाटामागच्या थंड कोपऱ्यात दिसणारे काळे ठिपके मात्र अनेकदा गळतीचे नसतातच. हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते आणि तिथे बुरशी धरते. त्यावरचा उपाय वॉटरप्रूफिंग हा नसून हवा खेळती ठेवणे हा आहे. डाग पावसाळ्यातच वाढतो की बारमाही सारखाच राहतो, याकडेही लक्ष द्यावे. पावसाबरोबर वाढणारी ओल बाहेरून येते, तर वर्षभर टिकून राहणाऱ्या ओलीमागे बहुतेक वेळा घरातला एखादा पाइप असतो.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली, म्हणजे लोणा लागला असला, तर ते पाणी भिंतीतून जात असल्याचे किंवा कधीतरी गेल्याचे चिन्ह आहे. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ती भुकटी ओल्या फडक्याने पुसली तर क्षार पुन्हा विरघळून आत जातात, म्हणून कोरड्या ब्रशने झाडावी. पण पाण्याची वाट बंद केल्याशिवाय हे झाडणे व्यर्थ आहे.

डागावर रंग फासून तपासणी पार पडेल, ही आशा धरू नये. तपासनीसाजवळ ओल मोजण्याचे यंत्र असते. कोरड्या लाकडातून किंवा गिलाव्यातून वीज सहजी वाहत नाही; ओल वाढली की विरोध कमी होतो आणि यंत्र तो फरक दाखवते. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या वर सातत्याने राहिली तर ते कुजण्याच्या वाटेला लागते असे मानले जाते. काही तपासनीस उष्णता टिपणारा कॅमेराही वापरतात. ओल्या जागेवरून पाणी उडत असल्याने ती आसपासच्या भिंतीपेक्षा किंचित थंड असते आणि नव्या रंगाखालूनही कॅमेऱ्यात वेगळी उठून दिसते. यंत्र नसले तरी, संपूर्ण जुन्या रंगाच्या छतावर एकच चौकोन नवा दिसला की अनुभवी माणूस नेमका तिथेच थांबतो, आणि मग एका डागाचा प्रश्न मालकाच्या सचोटीचा होऊन बसतो. ही किंमत डागाच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी असते.

दुरुस्ती केली तरी भिंत लगेच कोरडी होत नाही, हे फार थोड्या मालकांना ठाऊक असते. विटांची भिंत साधारणपणे महिन्याला २५ मिलिमीटर जाडी या गतीने वाळते असा बांधकामातला ठोकताळा आहे. म्हणजे पुरती भिजलेली नऊ इंची भिंत एकाच बाजूने वाळत असेल तर तिला वर्षाचा बराचसा भाग लागू शकतो. शिवाय भिंतीत राहिलेले क्षार वीज वाहून नेत असल्याने गळती थांबल्यानंतरही यंत्र काही काळ जास्त आकडा दाखवते. तपासणीच्या आदल्या आठवड्यात केलेली गळतीची दुरुस्ती कितीही चांगली असली तरी म्हणूनच ती सिद्ध करता येत नाही. हे काम विक्रीचा विचार मनात येताच हाती घ्यावे, आणि कामापूर्वीचे, काम चालू असतानाचे व नंतरचे तारखेसह फोटो जपून ठेवावेत.

आतली गळती शोधण्याचे दोन सोपे उपाय कोणालाही करता येतात. सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी झिरपत आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी झडप बदलायची वेळ आली आहे. स्नानगृहातल्या टाइल्समधील ग्राउट, म्हणजे सांध्यांतली भरण, आणि कडांचा सिलिकॉनचा थर हे तर अगदी किरकोळ काम, पण ते उघडे राहिले तर खालच्या छताचे नुकसान होते, त्यामुळे ते आधी उरकून घ्यावे.

भेगांचे वाचन

भेग दिसली की मालक घाबरतो आणि लांबी (पुट्टी) भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात बहुतेक भेगा गिलावा वाळताना आकसल्याने पडतात, केसाएवढ्या बारीक असतात आणि इमारतीच्या ताकदीशी त्यांचा संबंध नसतो. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या वर्गीकरणात सुमारे ५ मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या भेगा सर्वसाधारणपणे दिसण्यापुरत्या मानल्या जातात. तरीही केवळ रुंदीवर विसंबून चालत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग पाया हलल्याचे लक्षण असू शकते. आणि तिच्याजवळचे दार अचानक घासू लागले असेल तर शंका आणखी बळावते.

अशा भेगेबाबत सर्वांत मोलाची माहिती म्हणजे ती वाढते आहे की थांबली आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी, एका ठरावीक जागी रुंदी मोजावी आणि दर महिन्याला पट्टी लावून फोटो काढावा. सहा-आठ महिन्यांच्या अशा नोंदीतून ‘भेग हललेली नाही’ असे दिसले तर तपासनीसाला अंदाज करत बसावे लागत नाही. भेग वाढत असेल तर संरचना अभियंत्याचे लेखी मत घ्यावे; तिथे गवंड्याचा सल्ला पुरेसा नाही.

सिमेंट काँक्रीटच्या छतातून किंवा तुळईतून पोपडे पडून सळई उघडी दिसत असेल, तर त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, १२ ते १३ च्या आसपास असतो, आणि त्या वातावरणात लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये शिरत जातो आणि हा पीएच ९ च्या खाली आणतो. मग पापुद्रा नाहीसा होतो, ओल मिळताच सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागत असल्याने वरचे काँक्रीट आतून फुटते. अशा ठिकाणी नुसता सिमेंटचा लेप चढवला तर गंज आत चालूच राहतो आणि थोड्याच दिवसांत तोही लेप गळून पडतो. गंजलेला भाग पूर्ण उघडा करणे, सळई घासून स्वच्छ करणे, तिची जाडी किती उरली ते पाहणे, गंजरोधक लावणे आणि मगच योग्य मिश्रणाने भरणे, हा क्रम पाळलेला असेल तर तो बिलावर तपशीलवार लिहून घ्यावा.

वीज, गॅस आणि गरम पाणी

या भागातले दोष किमतीपेक्षा जिवाशी निगडित आहेत. घर विकायचे असो वा नसो, ते दूर केलेच पाहिजेत, आणि खरेदीदारही इथे तडजोड करत नाही.

विजेच्या पेटीत अनेक एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारे छोटे स्विच, असतात. ते वायरवर झेपेल त्याहून जास्त भार आला की वीज तोडतात, पण माणसाला बसणारा धक्का त्यांना कळत नाही. ते काम आरसीसीबी या दुसऱ्या उपकरणाचे. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या विद्युतप्रवाहाची ते सतत तुलना करते, आणि दोहोंत फरक पडला म्हणजे प्रवाह दुसऱ्याच वाटेने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत जातो आहे असे धरून क्षणार्धात पुरवठा बंद करते. व्यक्तीच्या संरक्षणासाठी त्याची संवेदनशीलता सामान्यतः ३० मिलिअँपिअर ठेवतात. त्यावर चाचणीचे बटण असते. ते दाबल्यावर वीज गेली नाही तर ते उपकरण निकामी आहे. मालकाने स्वतः एवढे बटण दाबून पाहावे. पेटीच्या आतले बाकी सर्व काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे. त्याच्याकडून अर्थिंगची मोजणी, सैल जोडण्या घट्ट करणे, उघड्या वायरी झाकणे आणि प्रत्येक एमसीबीवर ‘स्वयंपाकघर’, ‘गिझर’ अशा स्पष्ट चिठ्ठ्या लावणे एवढे करून घ्यावे. गरम होणारे बटण, काळवंडलेला सॉकेट आणि एकाच प्लगवर लटकलेले तीन-चार विस्तारबोर्ड तपासनीसाच्या नजरेतून सुटत नाहीत.

साठवणीच्या गिझरला दाब मोकळा करणारी झडप असते, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पाणी १० अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याचे आकारमान दीड टक्क्याहून अधिक वाढते. पाणी दाबून लहान होत नसल्याने बंद टाकीत दाब चढतो. तो बाहेर सोडण्यासाठी ही झडप असते. तिच्यातून थेंब पडतात म्हणून कोणी तिथे बूच मारून ठेवले असेल, तर टाकी फुटण्याचा धोका मालकाने स्वतःच ओढवून घेतलेला असतो. थेंब सतत पडत असतील तर झडप बदलावी, नळी खालच्या दिशेने मोकळी ठेवावी.

गॅसवर चालणाऱ्या उपकरणाची ज्योत निळी असावी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत अपुऱ्या ज्वलनाची खूण असते आणि अशा ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. बंदिस्त स्नानगृहातला गॅस गिझर, धूर बाहेर नेणारी निखळलेली नळी आणि मुदत संपलेली रबरी नळी या तीन गोष्टी तपासणीची वाट न पाहता आजच बघाव्यात. धूर ओळखणारे यंत्र घरात असेल तर त्यामागची उत्पादनाची तारीख पाहावी. दहा वर्षांनंतर ते बदलायचे असते, मग बटण दाबल्यावर ते वाजत असले तरीही.

खूप जुन्या घरांत रंग खरवडण्याची घाई करू नये. जुन्या तेलरंगांत शिसे असायचे. अमेरिकेत घरांसाठी अशा रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली, इतरत्र ती वेगवेगळ्या वेळी आली. तो रंग शाबूत असताना फारसा त्रास देत नाही, पण कोरडा घासला की त्याची विषारी धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांना ती सर्वाधिक बाधते. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचेही तसेच आहे. न फुटलेला पत्रा जागेवर असू द्यावा, त्याची माहिती खरेदीदाराला द्यावी. विक्रीच्या तयारीत तो कापणे किंवा त्याला भोके पाडणे घातक ठरते.

लाकूडकाम थोडक्यात पाहू. चौकटी, पोटमाळ्यातली वासे-तुळयांची टोके आणि जिन्याखालची जागा टॉर्चच्या उजेडात न्याहाळावी. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे असे समजावे. लाकडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तरी तीच शंका घ्यावी. नळ्या नुसत्या झाडून टाकू नयेत, उपचार करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. घासणारी दारे, न लागणाऱ्या कड्या, हलणारे कठडे, तडकलेल्या काचा आणि बंद पडलेले दिवे एका दिवसात दुरुस्त होतात. दिवा लागत नाही तेव्हा बल्ब गेला आहे की वायरिंगमध्ये दोष आहे, हे तपासनीस ठरवत बसत नाही. तो फक्त ‘चालत नाही’ असे लिहितो.

काय दुरुस्त करावे आणि काय सोडावे

शक्य असेल तर विकणाऱ्याने स्वतःच पैसे देऊन आधी एक तपासणी करून घ्यावी, असे मी आवर्जून सुचवेन. काही ठिकाणी तिच्यात आढळलेले दोष खरेदीदाराला सांगणे कायद्याने बंधनकारक होते आणि त्यामुळे अनेक जण कचरतात. पण दोष सौद्याच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तो आधी, तीन ठिकाणचे दर मागवायला वेळ असताना कळलेला केव्हाही बरा.

प्रत्येक दोष दुरुस्त करण्याची गरज नसते. जिवाला धोका असणारे आणि पाण्याशी संबंधित दोष दूर करावेत, स्वस्त आणि सहज होणारी कामे उरकावीत. मात्र संपूर्ण स्वयंपाकघर नवे करणे, सर्व फरशी बदलणे, जुने पण चालू असलेले एअर कंडिशनर काढून नवे बसवणे यांचा खर्च किमतीतून पूर्ण वसूल होईलच असे नाही, आणि नव्या मालकाची आवड तुमच्याहून वेगळी असू शकते. छपरासारखे मोठे काम आवाक्याबाहेर असेल तर ते न करता दोन ठेकेदारांचे लेखी अंदाज हाताशी ठेवावेत, म्हणजे किमतीची बोलणी भीतीच्या आधारावर न होता आकड्यांच्या आधारावर होतात. घाईने केलेली कच्ची दुरुस्ती मात्र टाळावी, कारण अहवालात तिची नोंद मूळ दोषापेक्षा वाईट शब्दांत होते.

कागदपत्रांची एक फाइल

मंजूर नकाशे, वाढीव बांधकामाच्या परवानग्या, वॉटरप्रूफिंगची हमी, वाळवीच्या उपचाराचे प्रमाणपत्र, वीजजोडणीचा चाचणी अहवाल, गिझर व पंपांची बिले, भेगांच्या नोंदी आणि दुरुस्तीचे फोटो हे सर्व तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावावे. भिंतीआडचे पाइप आणि वायरी कुठून गेल्या आहेत याचा हाताने काढलेला आराखडा असला तरी तो ठेवावा. तपासनीस भिंतीच्या आत पाहू शकत नाही, पण बिलावरून त्याला कळते की तीन वर्षांपूर्वी ते पाइप बदलले आहेत. परवानगीशिवाय बांधलेली खोली किंवा बंदिस्त केलेली बाल्कनी असेल तर ती गोष्ट आधीच वकिलाशी बोलून घ्यावी, कारण हा प्रश्न गवंडी सोडवू शकत नाही.

माहीत असलेला आणि सहज न दिसणारा दोष लपवणे अनेक देशांच्या कायद्यांत विकणाऱ्याच्या अंगाशी येते, व्यवहार पूर्ण झाल्यानंतरही. कायदा बाजूला ठेवला तरी त्या घरात दुसरे एक कुटुंब राहायला येणार आहे, त्यातली मुले त्याच गिझरच्या पाण्याने आंघोळ करणार आहेत. दोष, त्याची तारीख, केलेला उपाय आणि आजची स्थिती असे चार रकान्यांचे एक पान करून ते तपासनीसाच्या हाती द्यावे. असे पान मिळाले की तो त्या जागा नीट पाहतो आणि अहवालात ‘मालकाने माहिती दिली’ असे लिहितो.

तपासणीचा दिवस आणि नंतर

त्या दिवशी पाळीव प्राण्यांची सोय दुसरीकडे करावी, सर्व किल्ल्या नावांच्या चिठ्ठ्यांसह एकत्र ठेवाव्यात, भांडी आणि कपडे धुण्याची यंत्रे रिकामी असावीत. मालकाने सुरुवातीला भेटून फाइल द्यावी, प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि मग बाजूला व्हावे. मागे मागे फिरून प्रत्येक गोष्टीचे समर्थन केल्याने तपासनीसाचे काम अडते आणि खरेदीदाराला मोकळेपणाने विचारता येत नाही.

अहवाल हाती आल्यावर त्याची लांबी पाहून खचू नये. चांगल्या घराच्याही अहवालात डझनावारी नोंदी असतात, कारण सैल बिजागरीपासून सगळे लिहिणे हे तपासनीसाचे कामच आहे. नोंदी वाचताना त्यांची तीन गटांत विभागणी करावी: सुरक्षिततेच्या, मोठ्या खर्चाच्या आणि नेहमीच्या देखभालीच्या. खरेदीदाराशी बोलणी पहिल्या दोन गटांवर ठेवावीत. जी कामे तुम्ही करून द्यायचे मान्य कराल, त्यांसाठी अहवालातला नोंदीचा क्रमांक, नेमके काम, ते कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे करारात लिहावे. ‘ओल दुरुस्त करून देऊ’ असे मोघम वाक्य पुढे वादाचे कारण होते. काम झाल्यावर बिलावर तोच क्रमांक टाकून घ्यावा आणि फेरतपासणीच्या दोन दिवस आधी ती बिले व फोटो तपासनीसाकडे पाठवावेत, म्हणजे त्याला प्रत्येक नोंद जागेवर पडताळून पाहता येते.